सर्व्हरवर ओएस टाकताना डिस्कच दिसत नाही? स्टोरेज कंट्रोलरच्या ड्रायव्हरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हर नवा असो की सेकंडहँड, विंडोज सर्व्हर टाकायचं असो की लिनक्स, काम अडतं ते बहुतेक वेळा एकाच पानावर. ‘ओएस कुठे टाकायची?’ असं सेटअप विचारतं आणि खाली यादी रिकामी असते. त्या पानावर अडकलेल्यांकडून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी विंडोज, मग व्हर्च्युअल मशीन, मग लिनक्स असा साधारण क्रम आहे. घाई असेल तर आपला प्रश्न शोधा, पण दुसरा आणि तिसरा प्रश्न मात्र सगळ्यांनी वाचावा.

बायोसमध्ये डिस्क व्यवस्थित दिसतात, सेटअपमध्ये का नाही?

कारण दोन्ही ठिकाणी डिस्कशी बोलणारा वेगळा आहे. मशीन चालू होताना रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र बांधणारं स्टोरेज कंट्रोलर कार्ड) आपला स्वतःचा छोटा कोड यूईएफआयच्या, म्हणजे आजच्या बायोसच्या, हाती देतं आणि त्याच्या जोरावर बायोसला डिस्क दिसतात. सेटअपही सुरुवातीला याच रस्त्याने पेन ड्राइव्हवरून वर येतं. पण विंडोजचं किंवा लिनक्सचं कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, एकदा ताबा घेऊन बसलं की ते बायोसला काही विचारत नाही. त्याला स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे त्या कार्डाशी बोलणारा छोटा प्रोग्राम, लागतो. तो सेटअपच्या पोटात आधीपासून असेल तर तुम्हाला काही कळतही नाही, नसेल तर यादी रिकामी.

म्हणून ‘काल बायोसमध्ये दिसत होती, म्हणजे डिस्क चांगली आहे’ हे बरोबर, पण ‘म्हणजे सेटअपलाही दिसायलाच हवी’ हे चूक.

मग सरळ ‘लोड ड्रायव्हर’ दाबू का?

थांबा. इथेच लोकांचा अख्खा दिवस जातो. यादी रिकामी असण्याचं कारण ड्रायव्हरच असेल असं नाही आणि ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी कार्डाच्या मेनूत एक चक्कर मारलीच पाहिजे.

हार्डवेअर रेड कार्ड रेड मोडमध्ये असेल तर ते ओएसला सुट्या डिस्क दाखवत नाही, तुम्ही बनवलेली व्हर्च्युअल डिस्क दाखवतं. ती बनवलीच नसेल तर जगातला कुठलाही ड्रायव्हर लोड करा, यादी रिकामीच राहणार. डेलच्या सर्व्हरवर एफ२ दाबून सिस्टिम सेटअप, मग डिव्हाइस सेटिंग्ज, तिथे पर्कचं (डेलच्या रेड कार्डाचं) नाव. एचपीईवर एफ९ दाबून सिस्टिम युटिलिटीज आणि तिथून स्मार्ट अ‍ॅरेचं (एचपीईच्या रेड कार्डाचं) कॉन्फिगरेशन. व्हर्च्युअल डिस्क आहे का आणि तिची स्थिती ‘ऑप्टिमल’ आहे का, एवढं बघायचं.

दुसऱ्या सर्व्हरमधून काढून आणलेल्या डिस्क असतील तर पर्क त्यांना ‘फॉरेन’ म्हणतं आणि तुम्ही निर्णय देईपर्यंत बाजूला ठेवतं. तिथे ‘इम्पोर्ट’ आणि ‘क्लिअर’ असे दोन रस्ते असतात. जुना डेटा हवा असेल तर क्लिअरला हात लावू नका.

आता उलट बाजू. डिस्क दिसतेय, पण ‘विंडोज या डिस्कवर टाकता येत नाही’ असा संदेश येतोय? मग ड्रायव्हरचा संबंधच नाही. बहुतेक वेळा डिस्कवर जुनं एमबीआर पार्टिशन टेबल असतं आणि सेटअप यूईएफआयमधून चालू झालेलं असतं. डिस्क रिकामी करून जीपीटी (नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल) करा, प्रश्न मिटला. अर्थात डिस्कवर काय आहे ते आधी बघून.

आपल्याकडे नेमकं कोणतं कार्ड आहे हे कसं ओळखायचं?

सर्व्हरच्या पेटीवरचं नाव उपयोगाचं नाही. एकाच मॉडेलमध्ये चार वेगवेगळी कार्डं येऊ शकतात. खरी ओळख म्हणजे पीसीआय आयडी: कंपनीचा चार अंकी क्रमांक आणि चिपचा चार अंकी क्रमांक, दोन्ही हेक्समध्ये.

आयड्रॅक किंवा आयएलओ (डेल आणि एचपीईच्या सर्व्हरमधली लांबून देखरेख करण्याची सोय) असेल तर त्याच्या हार्डवेअर इन्व्हेंटरीत कार्डाचं नाव मिळतं. काहीच नसेल तर कुठल्याही लाइव्ह लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करा आणि ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘एनएन’ पर्याय लावून चालवा. ‘रेड बस कंट्रोलर’ किंवा ‘सिरियल अटॅच्ड स्कझी’ असं लिहिलेली ओळ शोधा. शेवटी चौकटी कंसात आयडी असतो. १००० म्हणजे एलएसआय, आताची ब्रॉडकॉम. ८०८६ म्हणजे इंटेल. ९००५ म्हणजे अ‍ॅडॅप्टेक, म्हणजेच एचपीईच्या अलीकडच्या स्मार्ट अ‍ॅरेचंही मूळ घराणं. १एएफ४ दिसला तर तुम्ही व्हर्च्युअल मशीनमध्ये आहात, ते व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनला दिलेलं आभासी हार्डवेअर) आहे.

एक उदाहरण घेऊ. डेलच्या पर्क एच७३०चा आयडी १०००:००५डी असा दिसतो. डेलचं कार्ड, मग १००० कसा? कारण चिप एलएसआयची आहे. डेलचा क्रमांक १०२८, तो सबसिस्टिमच्या रकान्यात सापडतो.

आता हा आयडी ड्रायव्हरशी ताडून बघा. ड्रायव्हरच्या फोल्डरमधली आयएनएफ फाइल ही साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. आत आपल्या चिपचा आयडी शोधा. सापडला तर ड्रायव्हर तुमचा, नाही सापडला तर संकेतस्थळावर काहीही लिहिलेलं असो, तो ड्रायव्हर तुमच्या कार्डासाठी नाही. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि मला विचाराल तर या पानावरची सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर टाकला, तरी सेटअप म्हणतं ‘नो साइन्ड डिव्हाइस ड्रायव्हर्स वेअर फाउंड’. का?

दहापैकी बहुतेक वेळा पेन ड्राइव्हवर डाउनलोड केलेली ईएक्सई तशीच ठेवलेली असते. सेटअपला ईएक्सई कळत नाही. त्याला तीन प्रकारच्या फाइली सुट्या लागतात: आयएनएफ, एसवायएस आणि कॅट. पहिलीत कुठल्या हार्डवेअरला कुठली फाइल ते लिहिलेलं असतं, दुसरी म्हणजे प्रत्यक्ष ड्रायव्हर आणि तिसरीत सही.

डेल आणि एचपीईच्या ईएक्सई दुसऱ्या विंडोज मशीनवर चालवल्या की ‘एक्स्ट्रॅक्ट’चा पर्याय देतात. तो घ्यायचा, ‘इन्स्टॉल’ नाही. इंटेलच्या रॅपिड स्टोरेजची (मदरबोर्डवरच्या रेडच्या ड्रायव्हरची) गोष्ट थोडी वेगळी. पूर्वी त्यांची ‘एफ६’ नावाची झिप वेगळी मिळायची. नंतरच्या आवृत्त्यांत फक्त सेटअपची ईएक्सई येते आणि ती कमांड प्रॉम्प्टवरून ‘एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स’ हा पर्याय देऊन उलगडावी लागते. दोनदा क्लिक केलं तर ती तुमच्याच लॅपटॉपवर इन्स्टॉल व्हायला बघते.

फाइली सुट्या असूनही हाच संदेश येत असेल तर फोल्डर चुकलंय. ड्रायव्हरच्या पॅकमध्ये २०१६, २०१९, २०२२ असे वेगवेगळे फोल्डर असतात आणि कधी कधी त्यांच्या आत ६४ बिटचं आणखी एक. तुमच्या आवृत्तीच्या ६४ बिट फोल्डरपर्यंत आत जा.

आणि सहीचा प्रश्न खराही असू शकतो. सिक्युअर बूट (मशीन चालू होताना सह्या तपासणारी यूईएफआयची सोय) चालू असेल तर मायक्रोसॉफ्टची सही नसलेला कर्नल ड्रायव्हर लोड होत नाही. दहा वर्षांपूर्वीचा, ‘मित्राने दिलेला’ ड्रायव्हर इथे गळू शकतो.

‘लोड ड्रायव्हर’चं पान नेमकं कसं वापरायचं?

‘लोड ड्रायव्हर’ दाबल्यावर एक छोटी खिडकी येते, तिथे ‘ब्राउझ’. पेन ड्राइव्हला कुठलं अक्षर मिळालंय ते आपल्या रोजच्या मशीनसारखं नसतं, त्यामुळे नावावरून ओळखा. पेन ड्राइव्हला आधीच ‘ड्रायव्हर’ असं लेबल देऊन ठेवलंत तर शोधाशोध वाचते. एक्स या अक्षराकडे लक्ष देऊ नका, ती सेटअपची मेमरीतली स्वतःची डिस्क आहे.

फोल्डर निवडलं की ड्रायव्हरची यादी येते. खाली एक टिक असते: ‘या संगणकाशी न जुळणारे ड्रायव्हर लपवा’. ती तशीच राहू द्या. यादी रिकामी आली तर मात्र क्षणभर काढून बघा. टिक काढल्यावर ड्रायव्हर दिसायला लागले तर फाइली सेटअपला वाचता आल्या आहेत, फक्त तुमच्या कार्डाशी जुळत नाहीत. टिक काढूनही काहीच नाही, तर फोल्डर किंवा फाइलींतच गडबड आहे. निदानासाठी ही टिक फार उपयोगी आहे, पण न जुळणारा ड्रायव्हर जबरदस्तीने निवडण्यासाठी ती काढू नका.

जुळणारा निवडून ‘नेक्स्ट’. थोडा वेळ पट्टी फिरते आणि डिस्क यादीत उगवतात. नाहीच उगवल्या तर ‘रिफ्रेश’. ड्रायव्हर सीडी बदलून लोड केला असेल तर विंडोजची सीडी परत आत घालायला विसरू नका.

इन्स्टॉल दाबण्याआधी यादीतले आकार वाचा. ‘डिस्क ०’ म्हणजे तुमचा रेड असं गृहीत धरू नका, कधी कधी ते स्थान पेन ड्राइव्हने पटकावलेलं असतं.

या पद्धतीने लोड केलेला ड्रायव्हर इन्स्टॉल होणाऱ्या विंडोजमध्येही जातो, वेगळं काही करावं लागत नाही. शिफ्ट एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्टवर ‘डीआरव्हीलोड’ने ड्रायव्हर चढवण्याची युक्ती काही जण सांगतात. डिस्क दिसते का एवढं तपासायला ती ठीक, पण ती चालू सेटअपपुरतीच धरा. खरं काम बटणानेच करा. विंडोज सर्व्हर २०२५च्या सेटअपचं रूप बदललं आहे, तरी हे बटण डिस्क निवडण्याच्या पानावरच आहे.

पेन ड्राइव्हचा फॉरमॅट कोणता?

ड्रायव्हरसाठी फॅट३२, डोळे मिटून.

हे सगळं टाळता येतं का?

ब्रँडेड सर्व्हर असेल तर येतं आणि टाळावंच. डेलवर एफ१० दाबून लाइफसायकल कंट्रोलर उघडा, तिथे ‘ओएस डिप्लॉयमेंट’ आहे. कोणती ओएस टाकणार ते सांगितलं की तो त्या आवृत्तीचे ड्रायव्हर एका तात्पुरत्या डिस्कवर काढून ठेवतो. तिचं नाव ‘ओईएमडीआरव्ही’ आणि ती १८ तास जोडलेली राहते. एचपीईवर एफ१०लाच इंटेलिजंट प्रोव्हिजनिंग आहे, काम तेच.

दुसरी युक्ती विंडोजच्या सेटअपमधलीच आहे. पेन ड्राइव्हच्या मुळाशी ‘विनपीईड्रायव्हर’ नावाचं फोल्डर करायचं, नावाच्या आधी आणि नंतर डॉलरचं चिन्ह, आणि त्यात ड्रायव्हर टाकायचे. सेटअप सुरू होताना सगळ्या ड्राइव्हवर हे फोल्डर शोधतं आणि सापडलं तर आपणहून लोड करतं.

‘अ मीडिया ड्रायव्हर युवर कम्प्युटर नीड्स इज मिसिंग’ असं येतंय. हा तोच प्रश्न ना?

नाही. शब्द फसवे आहेत. इथे सेटअपला डिस्क नाही, ज्यावरून ते स्वतः चालू झालंय ते माध्यमच वाचता येत नाहीये. अर्धवट उतरलेली आयएसओ (सेटअपच्या डिस्कची इमेज फाइल), घाईत बनवलेला पेन ड्राइव्ह ही नेहमीची कारणं. पेन ड्राइव्ह नव्याने बनवा, पोर्ट बदलून बघा.

विंडोज सर्व्हर २००८ आर२ टाकत असाल तर कारण ठरलेलं आहे: त्यात यूएसबी ३चा ड्रायव्हरच नाही. यूएसबी २चं पोर्ट वापरा किंवा डीव्हीडी. त्याच आवृत्तीत एनव्हीएमईचा (थेट पीसीआय बसवर जोडलेल्या वेगवान एसएसडीचा) ड्रायव्हरसुद्धा मुळात नाही, त्यासाठी केबी २९९०९४१ हे वेगळं हॉटफिक्स आलं होतं. सर्व्हर २०१२ आर२पासून एनव्हीएमईचा ड्रायव्हर सोबतच येतो. तसं पाहिलं तर २००८ आर२चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि २०१२ आर२चा १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला आहे. एखादं जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर अडून बसलं असेल, तर ती ओएस नव्या लोखंडावर थेट टाकण्यापेक्षा व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएममध्ये) ठेवलेली बरी.

एनव्हीएमईला वेगळा ड्रायव्हर लागत नाही म्हणता, मग माझी एनव्हीएमई का दिसत नाही?

इंटेलचा सर्व्हर असेल तर व्हीएमडी तपासा. व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस हे झिऑन स्केलेबलच्या पहिल्या, म्हणजे २०१७च्या पिढीपासून आहे, आणि अकराव्या पिढीपासून साध्या कोअर प्रोसेसरांतही आलं. बायोसमध्ये ते चालू असलं की एनव्हीएमई डिस्क सरळ पीसीआय बसवर न दिसता व्हीएमडीच्या आड जातात. विंडोजच्या सोबत आलेल्या एनव्हीएमई ड्रायव्हरला मग तिथे काही सापडत नाही.

दोन उपाय. एनव्हीएमईवर इंटेलचा रेड नको असेल तर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा, डिस्क लगेच दिसतील. रेड हवा असेल तर व्हीएमडी चालू ठेवा आणि ड्रायव्हर लोड करा: सर्व्हरवर व्हीआरओसीचा (इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या रेडचा), डेस्कटॉप वर्गातल्या मशीनवर रॅपिड स्टोरेजचा. दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. रॅपिड स्टोरेजच्या फोल्डरमध्येही दोन आयएनएफ सापडतात. नावाच्या शेवटी ‘व्हीडी’ असलेली व्हीएमडीसाठी, ‘एसी’ असलेली व्हीएमडी नसलेल्या मशीनसाठी. एनव्हीएमईच्या रेडसाठी व्हीआरओसीला मदरबोर्डवर एक छोटी हार्डवेअर की बसवावी लागते. ती कोटेशनमध्ये आहे का, हे सर्व्हर घेतानाच विचारा.

लिनक्सवाल्यांना इथे फारसा त्रास नाही, व्हीएमडीचा ड्रायव्हर २०१६च्या ४.५ कर्नलपासून आत आहे.

एस१००आय, बी१४०आय, एस१५० ही कार्डं आहेत ना?

कार्डं नाहीत, आणि हे समजलं की बरीच गोंधळाची गाठ सुटते. एचपीईचे बी१४०आय, एस१००आय आणि डेलचा एस१५० हे सॉफ्टवेअर रेड आहेत. मदरबोर्डवरचं साधं साटा कंट्रोलर, वर थोडा बायोसचा कोड, आणि रेडचं सगळं काम ड्रायव्हर करतो. म्हणून बायोसमध्ये तुम्ही आरसा लावून (दोन डिस्कवर एकच डेटा ठेवून) एक डिस्क बनवता आणि ड्रायव्हर नसलेल्या सेटअपला त्याच्या जागी दोन सुट्या डिस्क दिसतात किंवा काहीच दिसत नाही. दोन सुट्या दिसल्या म्हणून त्यांपैकी एकीवर ओएस टाकली, तर आरसा मोडलाच म्हणून समजा.

विंडोजसाठी ड्रायव्हर लोड करा, चालतं. लिनक्ससाठी माझं मत स्पष्ट आहे: बायोसमध्ये मोड एएचसीआय (रेड नसलेला साधा साटा मोड) करा आणि लिनक्सचाच एमडी रेड वापरा. एस१००आयच्या रेडला तर लिनक्सचा आधार नाहीच.

प्रॉक्समॉक्सवर विंडोज सर्व्हर टाकतोय, डिस्क नाही. इथे तर कार्डच नाही!

कार्ड आहे, फक्त लोखंडाचं नाही. प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारी प्रणाली) व्हीएमला व्हर्टआयओ स्कझी कंट्रोलर देतं आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या आयएसओमध्ये नसतो. ‘व्हर्टआयओ विन’ नावाची आयएसओ मिळते, ती व्हीएमला दुसरा सीडी ड्राइव्ह म्हणून जोडा. व्हीएम बनवताना त्यासाठी वेगळा चौकोनच दिलेला असतो.

आता फोल्डर. सगळे चुकतात ते इथे. डिस्कचा प्रकार स्कझी असेल तर ‘व्हायोस्कझी’, मग ‘२के२२’, मग ‘एएमडी६४’. प्रोसेसर इंटेलचा असला तरी एएमडी६४च, ते ६४ बिटचं नाव आहे. डिस्कचा प्रकार ‘व्हर्टआयओ ब्लॉक’ असेल तर ‘व्हायोस्कझी’ चालणार नाही, ‘व्हायोस्टोर’ हवं. त्याच पानावरून ‘नेटकेव्हीएम’ही लोड करून टाका, म्हणजे इन्स्टॉल झाल्यावर नेटवर्क नाही म्हणून पुन्हा आयएसओ शोधत बसावं लागत नाही.

साटा किंवा आयडीई डिस्कवर विंडोज आधीच टाकून झालं असेल आणि आता व्हर्टआयओवर न्यायचं असेल, तर मूळ डिस्कचा प्रकार थेट बदलू नका, निळा पडदा येईल. १ जीबीची एक रिकामी डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर जोडा, विंडोज चालू करून तिचा ड्रायव्हर टाका, बंद करा आणि मग मूळ डिस्कचा प्रकार बदला. बूट ऑर्डरमध्ये ती पुन्हा निवडावी लागते. रिकामी डिस्क नंतर काढून टाका.

व्हीएमवेअरवर हाच प्रकार ‘पीव्हीस्कझी’चा. ड्रायव्हर व्हीएमवेअर टूल्सच्या आयएसओमध्ये असतो.

सेकंडहँड डेलवर रॉकी किंवा अल्मा लिनक्स टाकतोय. उबंटू डिस्क दाखवतं, हे दाखवत नाही. कार्ड खराब आहे का?

कार्ड ठणठणीत आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात सर्व्हर उचलणाऱ्यांच्या वाट्याला हा प्रश्न हमखास येतो, म्हणून थोडं सविस्तर.

रेड हॅटने २०१९मध्ये आरएचईएल (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स) ८ काढलं तेव्हा बरीच जुनी कार्डं आधारातून वगळली. ड्रायव्हर तोच राहिला, ‘मेगारेड एसएएस’ किंवा ‘एमपीटी३एसएएस’. पण त्याच्या आतल्या आयडींच्या यादीतून जुने आयडी काढून टाकले. डेलचे पर्क एच७००, एच३१० आणि एच२०० त्यात गेले. हे म्हणजे आर७१० आणि आर७२०च्या काळातल्या सर्व्हरमध्ये नेमकी असणारी कार्डं. रॉकी ही आरएचईएलच्या पावलावर पाऊल ठेवते, त्यामुळे तिथेही तेच. उबंटू आणि डेबियन मूळ कर्नलच्या जवळ राहतात आणि तिथे हे आयडी अजून आहेत.

सगळ्यात सोपा मार्ग: अल्मा लिनक्स ९.४ किंवा नंतरची ९ मालिका. अल्माने २०२४मध्ये ९.४पासून यातले बरेच आयडी परत चालू केले. म्हणजे अल्मा ९.३वर न दिसणारी डिस्क ९.४वर दिसू शकते, आयएसओ बदलण्यापलीकडे काही न करता.

रॉकी किंवा आरएचईएलच हवं असेल तर एलरेपोकडे (आरएचईएलसाठी जादा ड्रायव्हर पुरवणाऱ्या प्रकल्पाकडे) ‘ड्रायव्हर अपडेट डिस्क’ मिळते. ही एक छोटी आयएसओ असते, ‘डीडी’ने नाव सुरू होणारी. तुमच्या आवृत्तीचीच घ्या, ८.८साठीची ८.१०वर चालेल या भरवशावर राहू नका. पेन ड्राइव्हवर लिहा, सेटअपच्या पहिल्या मेनूत ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘आयएनएसटी डॉट डीडी’ जोडा आणि कंट्रोल एक्स. जुन्या बायोस मोडमध्ये ‘ई’ऐवजी टॅब. मग यादीतून पेन ड्राइव्ह निवडता येतो. माध्यमाला ‘ओईएमडीआरव्ही’ असं लेबल असेल तर तेवढंही करावं लागत नाही, सेटअप आपणहून उचलतं.

सिक्युअर बूट चालू असेल तर एलरेपोची की मशीनमध्ये आधी नोंदवावी लागते, नाहीतर मॉड्यूल लोड होणार नाही.

यातला खरा धोका इन्स्टॉलनंतर आहे. कर्नल अपडेट झालं आणि त्याच्याशी जुळणारं एलरेपोचं पॅकेज नसलं की रीबूटनंतर मशीन अर्ध्यावर अडकून ड्रॅकटच्या आपत्कालीन शेलमध्ये जाऊन बसतं. मागचं कर्नल ग्रबच्या (बूटच्या) मेनूत राहू द्या, आणि अपडेट आधी वाचा मग करा. हे झेपणार नसेल तर पैसे वाचवायला बघू नका, नवं कार्ड घ्या.

डेबियनमध्ये ‘फर्मवेअर मिसिंग’ येतं. ते आणि ड्रायव्हर एकच का?

नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो, फर्मवेअर कार्डाच्या चिपवर. क्यूलॉजिकच्या फायबर चॅनल कार्डांना ड्रायव्हर असूनही फर्मवेअरची फाइल लागते, ती नसेल तर सॅनमधली (नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजमधली) डिस्क दिसत नाही. डेबियन १२पासून, म्हणजे जून २०२३पासून, अशा फाइली अधिकृत आयएसओतच येतात. जुनी आयएसओ वापरत असाल तर नवी घ्या.

जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘एफ६ ड्रायव्हर’ असतं. तो काय प्रकार?

विंडोज सर्व्हर २००३पर्यंत सेटअपची सुरुवात निळ्या पडद्यावर, मजकुरात व्हायची. खाली काही क्षणांसाठी ओळ यायची: तिसऱ्या कंपनीचा स्कझी किंवा रेड ड्रायव्हर असेल तर एफ६ दाबा. ती वेळ चुकली की पुन्हा पहिल्यापासून. दाबलं तरी लगेच काही होत नसे, बऱ्याच वेळाने ‘एस’ दाबायला सांगितलं जाई, आणि ड्रायव्हर फक्त फ्लॉपीवरून, ए ड्राइव्हवरूनच घेतला जाई. फ्लॉपीच्या मुळाशी ‘टीएक्सटीसेटअप डॉट ओईएम’ ही फाइल नसेल तर तोही नाही. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हही ठरावीकच चालत. म्हणून मग लोक एनलाइट वापरून ड्रायव्हर सीडीतच घालायला लागले. २००८पासून विनपीई (सेटअप ज्यावर चालतं ती छोटी विंडोज) आलं आणि फ्लॉपीची सक्ती गेली. नाव मात्र इतकं रुळलं की कंपन्या पुढेही कित्येक वर्षं झिपच्या नावात एफ६ लिहीत राहिल्या.

इन्स्टॉल नीट झालं होतं. बायोसची बॅटरी बदलली आणि आता निळा पडदा, ०एक्स७बी.

बॅटरी गेल्यावर बायोस मूळ सेटिंगवर गेलं आणि साटाचा मोड बदलला. रेडचं एएचसीआय झालं असेल किंवा उलट. ०एक्स७बी म्हणजे ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’, कर्नल वर आलं पण डिस्क हाती लागली नाही. मोड पूर्वीचा करा, विंडोज चालू होईल. काही ‘रिपेअर’ करत बसू नका.

मुद्दाम मोड बदलायचा असेल तर क्रम असा: विंडोजमध्ये ‘बीसीडीएडिट’ने पुढचं बूट सेफ मोडमध्ये ठरवा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोड एकदा चालू होऊ द्या, मग सेफ मोडची नोंद काढा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर रिकव्हरी की हाताशी हवी. आणि डिस्क रेडचा भाग असतील तर हे अजिबात करू नका, तिथे मोड बदलला की व्हॉल्यूमच हाती लागत नाही.

वीस सर्व्हर आहेत, प्रत्येकावर लोड ड्रायव्हर दाबू?

डिझम (विंडोजच्या इमेज हाताळणारी कमांड) वापरून आयएसओतच ड्रायव्हर घाला. दोन फाइली आहेत. ‘बूट डॉट विम’मध्ये दोन इमेज असतात, पैकी दुसरी म्हणजे सेटअप, डिस्क शोधते ती. ‘इन्स्टॉल डॉट विम’मध्ये प्रत्येक आवृत्तीची वेगळी इमेज, स्टँडर्ड, डेटासेंटर वगैरे. माउंट करा, ‘अ‍ॅड ड्रायव्हर’ला ‘रिकर्स’ जोडा म्हणजे आतले फोल्डरही घेतले जातात, मग कमिट करून अनमाउंट. दोन्हीकडे घाला. जमलं तर ‘इन्स्टॉल डॉट विम’च्या आत दडलेल्या ‘विनआरई’मध्येही घाला, कारण एक दिवस सर्व्हर पडल्यावर रिकव्हरीच्या पडद्यालाही तीच डिस्क दिसायला हवी.

ईएसएक्सआयच्या सेटअपमध्ये लोड ड्रायव्हर कुठे आहे?

कुठेच नाही. ईएसएक्सआय ही व्हीएमवेअरची व्हीएम चालवणारी प्रणाली, तिच्या सेटअपमध्ये ही सोयच नाही, ड्रायव्हर इमेजमध्येच हवा. डेल, एचपीई, लेनोवो आपापल्या सर्व्हरसाठी वेगळी आयएसओ देतात, ती वापरा. एप्रिल २०२०च्या ७.०पासून जुने लिनक्सवरून आणलेले ड्रायव्हर पूर्ण बंद झाले, त्यामुळे ६.७वर चालणारं कार्ड ७वर गायब होऊ शकतं. सॉफ्टवेअर रेडची आशा इथे धरू नका.

इन्स्टॉल झालं. आता ड्रायव्हर पुन्हा अपडेट करायचा का?

एकदा करा, पण फर्मवेअरसोबत. कंपन्या ड्रायव्हर आणि कार्डाचं फर्मवेअर जोडीने तपासून देतात. फर्मवेअर तीन वर्षांपूर्वीचं आणि ड्रायव्हर कालचा असं झालं की लोडखाली डिस्क मध्येच ‘रिसेट’ होण्यासारखे प्रकार दिसतात, आणि त्यांचं खापर बिचाऱ्या डिस्कवर फुटतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडून इव्हेंट आयडी १२९ शोधा. तो कंट्रोलरच्या ड्रायव्हरच्या नावाने पुन्हा पुन्हा येत असेल तर डिस्क बदलण्याआधी ही जोडी तपासा. एचपीईवर एसपीपी (अपडेटचा एकत्रित पॅक) आणि डेलवर लाइफसायकल कंट्रोलरचं अपडेट ही दोन्ही कामं एकत्र करतं. हे सर्व्हर कामाला लागण्याआधी उरका, आणि बॅकअप घेऊनच.